बटण खिशात, मोटार विहिरीवर

गव्हाला रात्रीचं पाणी देणं ज्यांनी केलं आहे, त्यांना त्याची थंडी वेगळी सांगायला नको. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी आणि काठी घेऊन विहीर गाठायची, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं आणि परतायचं. तेवढ्यात लाईट गेली आणि पुन्हा आली, की परत तीच वाट. वाटेत साप असतो, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याही. बटण दाबायला मात्र एक क्षणच लागतो.

आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिलेल्या पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' ही फोनवरून मोटार चालू-बंद करणारी पेटी तयार केली. आता तशा पेट्या अनेक जण बनवतात. स्टार्टरशेजारी पेटी, पेटीत सिमकार्ड. काही पेट्यांना नुसता मिस्ड कॉल पुरतो, काहींना फोन लावून आकडा दाबावा लागतो. फोनवर 5 दाबला की 770 आणि 1336 हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात. पेटी ते ओळखते, आतला रिले ओढला जातो आणि मोटार सुरू होते. सूर दोन अशासाठी, की माणसाच्या बोलण्याला यंत्राने चुकून आकडा समजू नये. ही सोय अमेरिकेत 1963 साली बटणांच्या टेलिफोनबरोबर आली, ती नंबर फिरवण्याचा त्रास वाचावा म्हणून. तिच्यावर उद्या विहिरी उपसल्या जातील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

पण विहिरीवर जाणारा माणूस नुसतं बटण दाबत नव्हता. तो थोडा वेळ कान देऊन उभा राहायचा. मोटार घुमायला लागली की एखादा फेज गेलाय हे त्याला कळायचं. पाइपातून पाणी पडलं नाही तर फुटव्हॉल्व्ह अडकला असणार, असं म्हणत त्याचा हात आपसूक लाल बटणावर जायचा. घरी बसून फोन लावणाऱ्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. म्हणून जी पेटी नुसता हुकूम घेते आणि उलट काही कळवत नाही, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. लाईट आहे का, मोटार करंट घेते आहे का, पाणी संपल्यावर ती बंद झाली का, एवढं तरी तिने सांगायला हवं. मोटार कोरडी चालून जळाली, तर रिवायंडिंगच्या खर्चापुढे पेटीची बचत कुठल्या कुठे जाते.

तरीही ऑटोस्विचपेक्षा ही पेटी शंभरदा बरी. ऑटोस्विच लावला की लाईट येताक्षणी फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तो सगळा भार डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, येतो आणि डीपी जळाली की अख्खी शिवारं कित्येक दिवस अंधारात. फोनने मोटार लावणारा निदान थांबून ठरवू तरी शकतो.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. बटण विहिरीवर होतं तोवर मोटार दुरुस्त करणाऱ्याला ते डोळ्यांसमोर दिसायचं. आता ते पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या खिशातही असतं. वडील केबलचा जोड सोडून बसले आहेत आणि लाईट आल्याचा मेसेज बघून मुलगा फोन लावतो, असं घडायला काय वेळ लागतो? तेव्हा मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि ज्यांच्या ज्यांच्या फोनवरून ती चालू होते त्या प्रत्येकाला तसं कळवा. आणि लांबून मोटार लावणाऱ्यांनो, पेटीला फोन करण्याआधी घरी एक फोन करा: "विहिरीवर कुणी आहे का?"