आवाजाची मालकी

ज्या उपकरणाचें नांवच सायलेन्सर, म्हणजे आवाज शमविणारा, तें उपकरण अधिक आवाजाचें मिळावें म्हणून दुकानें धुंडाळणारा गृहस्थ हा आपल्या काळाचा एक नमुना आहे. त्याच्या मागणींतील वदतोव्याघात त्याच्या ध्यानांत येत नाहीं, व दुकानदाराच्याहि येत नाहीं; दोघांसहि तो शब्द आतां गाडीखालच्या एका नळकांड्याचें नांव म्हणूनच ठाऊक असतो. या गृहस्थास हंसून मोकळें होणें सोपें आहे. पोलीस त्याला दंड करतात, शेजारी शिव्या देतात, आणि पुणें-नागपुरासारख्या शहरांत जप्त केलेलीं असलीं नळकांडीं रस्त्यावर पसरून त्यांवरून रोलर फिरविल्याचे प्रकारहि घडले आहेत. परंतु रोलरनें नळकांडें चपटें झालें तरी प्रश्न तसाच उभा राहतो. स्वतःच्या पैशानें घेतलेल्या स्वतःच्या गाडीचा आवाज हा स्वतःचा असतो कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

प्रथम त्याची बाजू नीट मांडणें न्यायाचें होईल. सिलिंडरांत इंधनाचा भडका उडून जो वायु उरतो तो झडप उघडतांच मोठ्या दाबानें नळींत घुसतो. असे धक्के एकामागून एक बाहेर पडतात, आणि गाडीच्या मागून जो आवाज येतो तो मुख्यतः या धक्क्यांचाच. अमेरिकेंतील रीव्ह्ज बंधूंनीं १८९७ सालीं ते शमविणाऱ्या उपकरणाचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून त्या उपकरणाचा उद्देश तोच राहिला आहे; वायूस आडवळणें घ्यावयास लावून, लहान-लहान खणांतून फिरवून, कधीं तंतूंच्या भरावाजवळून नेऊन त्याचा जोर मोडावयाचा. पण अडथळ्याची किंमत इंजिनास मोजावी लागते, कारण वायु ढकलून बाहेर घालविण्यांतहि त्याची शक्ति खर्च होते. वाट मोकळी केली तर ही शक्ति वांचते, हें खोटें नाहीं. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, दाबाची लाट नळीच्या उघड्या टोकास पोंचली म्हणजे तेथून उलट, ओढून घेणारी लाट मागें फिरते. ती नेमक्या क्षणीं झडपेशीं परत आली तर सिलिंडरांत उरलेला वायु खेंचून काढते व ताज्या मिश्रणास जागा करून देते. हा क्षण नळीच्या लांबीवर आणि इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतो. लांबी-रुंदीचें हें गणित बसविणारा मनुष्य तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याच्या तोडीचा कारागीर आहे. त्याची गणना केवळ गोंगाट करणारांत करूं नये.

परंतु बहुतेक ठिकाणीं हें गणित कोणी मांडीतच नाहीं. मूळचा सायलेन्सर कापावयाचा आणि जाड नळी जोडावयाची, एवढाच तो विधि असतो. नळी भलतीच रुंद झाली कीं वायूचा वेग मंदावतो, आणि कमी फेऱ्यांवर, म्हणजे शहराच्या गर्दींत जशी गाडी दिवसभर चालते तशा चालींतच, तिची ओढ घटूं शकते. साध्या घरगुती गाडीस या उपद्व्यापांतून लाभ झालाच तर थोडक्या अश्वशक्तीचा होतो. वायूंतील विष निववणारें उत्प्रेरकाचें नळकांडेंहि त्याबरोबर काढून टाकलें, तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें मागून येणाऱ्याच्या नाकांत जातात, तो हिशेब निराळाच. तरीहि मालकास गाडी अधिक पळूं लागल्यासारखी वाटते. पुष्कळदां चाकाखालीं कांहींच बदललेलें नसतें, केवळ कान फसलेला असतो. तेव्हां शक्ति हें निमित्त आणि आवाज हाच हेतु, असें मान्य करून पुढें जावें हें बरें.

अशा निमित्तांची परंपरा जुनी आहे. शोपेनहॉवरनें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर आपला सारा संताप ओतला आहे. फटकारा म्हणे घोड्यासाठीं. पण रोज ऐकून बधिर झालेल्या घोड्यावर त्याचा परिणाम होत नाहीं, विचारांत गढलेल्या माणसाची तंद्री मात्र त्यानें तुटते, असा त्याचा मुद्दा होता. स्वारी स्वभावानें तिरसट होती, आणि आपलें डोकें इतरांच्या डोक्यांहून मौल्यवान आहे ही समजूत त्या निबंधांत लपून राहिलेली नाहीं. कांट अधिक समतोल. १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें संगीतासारख्या कलेंतहि एक उणें दाखविलें. तिच्या ठायीं नागर सभ्यता कमी, कारण ती न बोलावतां शेजाऱ्याकडे जाते. खिशांतून अत्तराचा रुमाल काढणारा मनुष्य भोंवतालच्या सर्वांस तो वास घेणें जसें भाग पाडतो, तसेंच हें. जेथें संगीतासहि हा आक्षेप लागतो तेथें नळकांड्याची काय कथा? भडक रंगाच्या गाडीवरून नजर काढतां येते. कानाला पापणी नाहीं.

कायद्यानें हें आपल्या परीनें ओळखलें आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम गाडीस आवाज शक्य तितका कमी करणारें उपकरण असावें असें सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल ठरविली. आणि आपला आवाज दुसऱ्याच्या कानांवर लादण्याचा मूलभूत हक्क कोणासहि नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं स्पष्ट केलें. इतकें झालें तरी आपल्या गृहस्थाचा एक प्रतिप्रश्न उरतोच, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. वरातीचा बँड तुम्ही सोसतां. कोट्यधीशाची इटालियन गाडी कारखान्यांतूनच गर्जना करीत बाहेर येते तेव्हां थांबून तिचीं छायाचित्रें घेतां. मग माझ्याच जुन्या गाडीचा आवाज तेवढा गुन्हा कां? या प्रश्नांत सत्याचा अंश मोठा आहे. आम्हां सुशिक्षितांच्या कानांस आवाजाच्या अगोदर आवाज करणाराची ऐपत ऐकूं येते. एकाच्या गर्जनेस प्रमाणपत्र आणि दुसऱ्याच्या गर्जनेस रोलर, ही न्यायाची तऱ्हा नव्हे. मात्र त्यावरून निघतें तें इतकेंच कीं, कोट्यधीशासहि तोच नियम लावावा. रात्रीं दीड वाजतां ज्या आजाऱ्याची नुकतीच लागलेली झोंप मोडली, त्याला ती किती किंमतीच्या गाडीनें मोडली याच्याशीं कर्तव्य नसतें.

हा आवाज खरोखर कोणासाठीं हवा असतो, याची एक कसोटी कारखानदारांनींच नकळत निर्माण केली. २०११ सालच्या बी. एम. डब्ल्यू. एम-५ या गाडींत इंजिनाचा नाद ध्वनिक्षेपकांतून आंत बसलेल्यांस ऐकविण्याची सोय होती. मालकास नाद मिळावा आणि शेजाऱ्याची शांतता ढळूं नये, अशी ही तडजोड. पण अनेक शौकिनांनीं तिला नाकें मुरडलीं. यांतील कित्येकांचा आक्षेप आदर करण्याजोगा आहे. समोर सतार ठेवून तिची ध्वनिमुद्रिका ऐकविल्यासारखें त्यांस वाटलें. परंतु ज्यास खराच नाद हवा, त्यानें तो मंद असला तरी तृप्त व्हावयास हवें. सतार ऐकणारा ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकूं गेलीच पाहिजे असा हट्ट धरीत नाहीं. तो हट्ट ज्याचा आहे त्याला नादाहून श्रोते अधिक प्रिय आहेत, आणि ते त्याला जबरीनें गोळा करावे लागतात. हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें तर १९९४ सालीं आपल्या मोटारसायकलच्या आवाजावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मागितला, आणि प्रतिस्पर्ध्यांनीं विरोध केल्यावर २००० सालीं तो अर्ज मागें घेतला. ज्या अंगणांत तो आवाज जाऊन पडतो तेथली जबाबदारीहि आमचीच, असा अर्ज कोणी केल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं.

आतां विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत भडका नाहीं, झडप नाहीं, वायु नाहीं. त्या इतक्या मुक्या कीं, संथ चालतांना त्यांनीं कृत्रिम आवाज केलाच पाहिजे, असा दंडक युरोपीय संघानें घातला, आणि जुलै २०२१ पासून तो प्रत्येक नव्या विजेच्या गाडीस लागू झाला. हा आवाज काठी टेकीत रस्ता ओलांडणाऱ्या अंधासारख्यांसाठीं आहे. ऐकणाऱ्याची गरज पाहून तो ठरविलेला आहे. त्याच्या पुढल्याच वर्षीं डॉज या अमेरिकन कंपनीनें आपल्या विजेच्या गाडीचा नमुना लोकांपुढें मांडला. तिच्या मागल्या अंगास एक खास ‘एक्झॉस्ट’ बसविलेला होता, आणि त्याचा आवाज १२६ डेसिबेलपर्यंत चढतो असें कंपनीनें अभिमानानें जाहीर केलें. त्या एक्झॉस्टमधून बाहेर टाकण्याजोगें त्या गाडीजवळ कांहींच नव्हतें.