व्यसननिषेध बालकास कसा सांगावा?

मद्य वर्ज्य आहे, हे उपदेश घेतलेल्या वासनिकास पुन्हा सांगावे लागत नाही. तो निषेध त्याने जाणतेपणी पत्करलेला असतो. परंतु ज्याने अद्याप काहीच पत्करलेले नाही, ज्याचा विवेक अजून उगवावयाचा आहे, अशा आठ-दहा वर्षांच्या बालकास तोच निषेध कोणत्या रीतीने सांगावा? प्रश्न सोपा वाटतो, पण तो तसा नाही. ज्या घरी पिताच मद्याच्या आहारी गेलेला आहे, त्या घरच्या बालकास 'मद्य वाईट' असे सांगितले की 'तुझा बाप वाईट' असेच ते ऐकते. सांगावे तर बालकाचे मन दुखावते; न सांगावे तर तेच व्यसन उद्या त्याच्या गळ्यात पडते. या पेचातून वाट कशी काढावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विचार अधांतरी राहू नये म्हणून ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवू. माहुली गडापासून माळशेज घाटापर्यंतचा हा डोंगराळ मुलूख. तानसा व भातसा येथील जलाशयांचे पाणी मुंबईस जाते. येथे कुणबी-आगऱ्यांची गावे आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आणि पाडे आहेत. शेती मुख्यतः पावसाळी भाताची. पावसाळा सरला की पुष्कळ कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही आईबापांबरोबर जातात. दिवसभर माती तुडवून, विटा थापून अंग मोडून आलेला मनुष्य सायंकाळी दारूकडे वळतो. बालक हे रोज पाहते. त्यास आपण काय सांगणार?

पहिली शंका अशी की, तंबाखूचा निषेध शास्त्रात कोठे आहे? शब्दाने नाही, हे खरे. श्रीचक्रधर स्वामींचा काळ तेराव्या शतकाचा. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, ती त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. मग जे नाव शास्त्रात नाही, ते मोकळे समजावे काय? निषेधाचा अर्थ नावावरून लावू नये, कार्यावरून लावावा. मद्य वर्ज्य का? ते विवेक झाकते, स्मरणात खंड पाडते आणि जीवास आपल्या अधीन करते म्हणून. हेच कार्य जो पदार्थ करील, तो त्याच निषेधाखाली येतो. मग तो मशेरी असो, गांजा असो, की पंक्चर जोडण्याच्या डिंकाची वाफ असो.

दुसरी शंका : बालकास कारणे कशास सांगावयाची? वडिलांची आज्ञा पुरेशी नाही काय? आज्ञा वडिलांचा डोळा असेपर्यंत पुरते. शिवाय व्यसन परक्याच्या हातून येते, हा आपला समज या भागात खोटा ठरतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मशेरी, घराघरांत आजी व आई दातांस लावतात. दात दुखला म्हणून तीच चिमूट बालकाच्या हिरडीस लावली जाते. 'जा, दुकानातून पुडी घेऊन ये' म्हणून त्यालाच धाडले जाते. विडी चुलीवर पेटवून आणावयास त्यालाच सांगितले जाते. २०१९ साली देशभर १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. तीत धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी दहावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच तिची चव घेतली होती, असे आढळले. म्हणजे आज्ञा कळण्याच्या आधी चव कळली. अशा ठिकाणी कोरी आज्ञा दुबळी पडते. तिला कारणाचा आधार द्यावा लागतो.

कारण सांगावे, पण ते सत्य असावे. 'एक झुरका घेतलास तर मरशील' असे जो सांगतो, तो बालकाचा विश्वास घालवतो. मशेरी लावून सत्तरी गाठलेली आजी त्या बालकाच्या समोर बसलेली असते. एक गोष्ट खोटी ठरली की सांगणाऱ्याच्या उरलेल्या दहाही खोट्या ठरतात. म्हणून जसे आहे तसे सांगावे. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. ते हिरडीतून रक्तात उतरते. धुराबरोबर गेले तर काही क्षणांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूस त्याची मागणी करावयास शिकवते. कोवळ्या वयाचा मेंदू ही सवय लवकर धरतो. तंबाखूमुळे तोंडाचा, घशाचा, फुफ्फुसाचा कर्करोग होतो. सर्वांनाच होतो असे नाही, परंतु कोणास होईल हे आधी कळत नाही. सुपारी निरुपद्रवी समजली जाते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिलाही कर्करोगकारक ठरविले. गुटखा खाणाऱ्याच्या गालांची आतील त्वचा ताठरते आणि पुढे घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही तो चोरून विकला जातो, हे मुलांना मोठ्यांइतकेच ठाऊक असते.

मद्याविषयीही असेच स्पष्ट सांगावे. ते यकृत बिघडवते आणि बुद्धीचा तोल घालवते. हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळले गेले तर शरीरात त्यापासून विषारी आम्ल तयार होते. दृष्टी जाते आणि पुष्कळदा प्राणही जातो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे अशा दारूने दगावली. ती बहुतेक श्रम करून पोट भरणारी होती.

तिसरी शंका मोहाविषयी निघते. येथील आदिवासी मोहाच्या झाडास मान देतात. त्याच्या फुलांची दारू देवास वाहिली जाते. मग मुलांपुढे मोहास नावे ठेवणे म्हणजे त्यांच्या पूर्वजांस नावे ठेवणे नव्हे काय? होय, तसे होते, म्हणून तसे करू नये. मोहाचे फूल हे अन्न आहे. वाळवून, शिजवून ते टंचाईच्या दिवसांत खाल्ले जात आले आहे. दोष फुलाचा नाही, ते कुजवून, गाळून त्याचे जे केले जाते त्याचा आहे. आणि दारू केवळ पाड्यावरच आहे, असेही बालकास भासवू नये. महामार्गावरील दिव्यांच्या झगमगाटात बाटलीबंद मिळते, तिचे कार्यही तेच. गरिबाच्या दारूस पाप आणि श्रीमंताच्या दारूस शिष्टाचार म्हणणे, हा विवेक नव्हे.

आता मूळ पेच. आपल्या सिद्धांतात देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त सांगितला आहे. जीव बांधलेला आहे, पण सुटण्यास योग्य आहे. व्यसनी पित्याविषयी बालकास सांगावयाचे ते याच दृष्टीने सांगावे. 'तुझा बाप वाईट नाही, बांधला गेला आहे. हे द्रव्य मनुष्यास असेच बांधते. आरंभी तो दारू पीत होता, आता दारू त्याच्याकडून स्वतःला पिववून घेते.' असे सांगितले असता सत्यही सांगितले जाते आणि पित्याविषयीची माया तुटत नाही. येथे शरीरशास्त्राचे ज्ञान करुणेस साहाय्य करते. द्रव्याचे कार्य न समजलेले बालक एक तर बापाचा द्वेष करते, नाही तर त्याचे अनुकरण करते. ते समजलेल्या बालकास तिसरा मार्ग दिसतो : बापावर प्रेम करावे आणि पेला मात्र हाती घेऊ नये. यासोबत आणखी एक वाक्य त्यास अवश्य सांगावे : 'बापाचे पिणे हा तुझा अपराध नाही.' अशी बालके मनातल्या मनात दोष स्वतःकडे घेतात. आणि पिऊन आलेला बाप मारहाण करू लागला, तर गप्प न राहता शेजारी किंवा शिक्षकांकडे जावे, हेही सांगावे. बद्धावर दया करणे म्हणजे त्याचा मार सोसणे नव्हे.

चौथी शंका : मोठ्यांचे आचरण सुधारल्यावाचून हा उपदेश फुकट नाही काय? बऱ्याच अंशी होय. आचारावाचून विचार पांगळा, हे आपण नित्य म्हणतो. ते येथे शब्दशः खरे आहे. तरी ज्या पित्याची दारू आज सुटत नाही, त्यानेही एवढे करावे, की पुडी वा बाटली आणावयास मुलास धाडू नये आणि त्याच्यासमोर पिऊ नये. जो बांधला आहे, त्यालाही दुसऱ्यास न बांधण्याचे सामर्थ्य उरलेले असते. कायदाही हेच म्हणतो. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, दोन्ही निषिद्ध केले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार बालकास दारू, अमली पदार्थ वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भिक्षुकांनी अटनात वाड्या-पाड्यांवर मुले जमतील तेथे शिव्याशाप न देता या गोष्टी सांगाव्यात. वासनिकांनी घरी आलेल्या पाहुण्यापुढे तंबाखूचे ताट ठेवण्याची रीत सोडावी. ज्यांना तंबाखू सोडावयाची आहे, त्यांना १८००-११-२३५६ हा शासनाचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक सांगावा आणि सोडून पुन्हा घसरलेल्यास हसू नये. एकदा घसरला म्हणून जीवाची सुटण्याची योग्यता नष्ट होत नाही. ही गोष्ट बालकाने आपल्या वागण्यातून पाहिली, तर मोठेपणी कोणी पेला पुढे केला असता नकार देण्यास त्यास भीतीची गरज पडणार नाही.

दंडवत प्रणाम.