त्याग मागण्याचा अधिकार कोणाला?

पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतली किंवा जत तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा घ्या. पट पंचवीस-तीस, शिक्षक दोन. त्यांतल्या ज्येष्ठाच्या टेबलावर मुख्याध्यापकाचा शिक्का असतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याचीच सही चालते, पंचायत समितीतून येणारी नोटीसही त्याच्याच नावाने निघते. शाळेची पदे मंजूर करणाऱ्या संचमान्यतेत मात्र त्या शाळेला मुख्याध्यापकाचे पद नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते की पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळेल. राज्य शासनाच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयातही दीडशेचाच निकष आहे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पश्चिमेकडचा डोंगरी पट्टा घ्या नाहीतर पूर्वेकडचा दुष्काळी, वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. काम आहे, जबाबदारी आहे, चूक झाली तर खुलासा द्यायला माणूसही आहे; पद तेवढे नाही आणि पदाचे वेतन नाही. याकडे आपण संघटनांची मागणी किंवा आस्थापनेची बाब म्हणून पाहतो. मला हा धर्माचा प्रश्न वाटतो, कारण ही व्यवस्था चालते ती एका धर्मकल्पनेच्या आधारावर. शिक्षक ज्ञानदान करतो, आणि दान करणाऱ्याने हिशेब मागू नये, ही ती कल्पना.

कल्पना जुनी आहे आणि तिच्यात खरेपणाही आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची यादी दिली आहे. तिच्यात वेतन घेऊन शिकवणारा आहे आणि त्याला वेतन देऊन शिकणाराही आहे. तिकडे अथेन्समध्ये सॉक्रेटिस शिकवण्याचे पैसे घेत नसे, आणि पैसे घेणाऱ्या सोफिस्टांवर प्लेटोने कडक टीका केली. पहिलीतल्या मुलाला अक्षर उमगते त्या घटकेची किंमत रुपयांत सांगता येत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. पण याच परंपरेने गुरूच्या पोटाची व्यवस्था कशी लावली होती, तेही पाहिले पाहिजे. शिष्य भिक्षा मागून आणी, गुरूच्या घरी राबे, विद्या पुरी झाल्यावर दक्षिणा देई. राजे अग्रहार देत. पेशवाईत श्रावणात पुण्याला रमण्यावर विद्वानांना दक्षिणा वाटली जाई आणि तो पैसा अखेर कुणब्याच्या साऱ्यातूनच आलेला असे. म्हणजे विद्या फुकट कधीच नव्हती. तिचा खर्च तिसराच कोणी उचलत होता, आणि ज्याच्या घामातून तो निघत होता त्याची मुले त्या पाठशाळेत बसत नव्हती. गुरूला वेतनाची गरज नव्हती, ती या सोयीमुळे. विरक्ती हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण नाही.

ही सोय मोडून काढणाऱ्यांपैकी दोघांचे मूळ साताऱ्यात आहे. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडा आहे: बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस. जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्या गावच्या शिक्षकाला पगाराखेरीज वेगळा भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचवले. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, प्रसंगी नांगराची मूठ धरायला त्याने लाजू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. शाळेसाठी ज्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, घर सोडले, त्यांना विद्येचे पावित्र्य कळत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तरीही ते आकडा सांगतात. त्यांचा सबंध युक्तिवाद असा की रयत कर देते, तेव्हा त्या कराचा विनियोग तिच्या मुलांच्या शिक्षणावर झाला पाहिजे, आणि ते शिक्षण चांगले व्हायचे तर शिकवणाऱ्याला धड पगार हवा. शिक्षण हा हक्क ठरला की शिकवण्याचा मोबदला हे कर्ज ठरते. ते कोणी तरी फेडायचे असते, आणि रयतेच्या वतीने फेडणारे शासनच असते.

याच निवेदनात माझ्या विरुद्ध बाजूला कामी येईल असे एक वाक्य आहे, ते दडवून चालणार नाही. शिक्षकाला गावच्या हिशेबाचा तपासनीस, दस्तनोंदणी करणारा, पोस्टमास्तर किंवा स्टॅम्पविक्रेता म्हणून गावकारभारात जोडून घ्यावे, असेही फुले सुचवतात. मग आज मुख्याध्यापकाकडे दहा कामे आली म्हणून ओरड कशाला? फरक कामांच्या स्वरूपात आहे. फुल्यांनी सांगितलेल्या कामांनी शिक्षकाचा गावातला दर्जा वाढणार होता. तोच त्यांचा सांगितलेला हेतू होता. आजची कामे कशी आहेत ते एका पोषण आहारावरूनच पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीसाठी दीडशे. पोती आली की मोजून घ्यायची, साठा नोंदवहीत चढवायची, हजेरीप्रमाणे तांदूळ काढून द्यायचा, शिजल्यावर स्वतः चव घेऊन चव रजिस्टरला शेरा लिहायचा, मग मोबाईलला रेंज मिळेल त्या कोपऱ्यात उभे राहून आजचे लाभार्थी भरायचे. शिल्लक आणि नोंद जुळली नाही तर वसुलीची टांगती तलवार असते. त्यावर यू-डायस आणि सरल ही माहितीची पोर्टले आहेत, शालार्थवरची पगारबिले आहेत, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते आहेत, सादिल अनुदानातून वीजबिल भागवण्याची ओढाताण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. पण ही सगळी कामे शाळेचीच म्हणून त्या कलमाबाहेर राहतात. आणि हे करणाऱ्या माणसाकडे दोन किंवा तीन वर्ग शिकवायलाही असतात. तो चव रजिस्टर भरतो त्या वेळात पाढे म्हणून घेणारे दुसरे कोणी नसते. पदोन्नती आली तरी 'चार्ज नको' म्हणून नकार देणारे शिक्षक आळशी आहेत, असे मानण्याआधी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

सातारा-सांगलीच्या भागात त्यागाच्या बाजूचा सर्वांत वजनदार दाखला कर्मवीर भाऊराव पाटलांचा आहे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. शाळा नसलेल्या खेड्यांत संस्थेने शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या. ही संस्था त्यागावर उभी राहिली, मग आजच्या मुख्याध्यापकाने भत्ता मागावा काय, असा प्रश्न सभांतून विचारला जातो आणि टाळ्याही घेतो. पण त्या त्यागाची घडण पाहा. लक्ष्मीबाईंनी दिले ते स्वतःचे सोने; तो आदेश कोणत्या शिक्षणाधिकाऱ्याचा नव्हता. भाऊरावांनी आधी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकून स्वतःचा प्रपंच चालवला होता, त्यामुळे पोट कसे भरते हे त्यांना पुरते माहीत होते. आणि त्यांच्या संस्थेचे ब्रीद स्वावलंबी शिक्षण हे आहे; कमवा आणि शिका ही तिची योजना. गरीब मुलानेही नुसते फुकट जेवावे असे त्यांना वाटत नव्हते. त्याने शेतात, बांधकामावर श्रम करावेत आणि त्या श्रमातून शिकावे, म्हणजे त्याची मान ताठ राहील, अशी योजना केली. ज्यांनी कोवळ्या पोराच्या श्रमाचाही मोल म्हणून हिशेब धरला, त्यांचे नाव घेऊन प्रौढ शिक्षकाच्या श्रमाचा हिशेब बुडवणे हा कर्मवीरांवर अन्याय आहे.

गीतेचाही असाच वापर होतो. फळाची आशा धरू नये, हे वाक्य काम करून घेणारा काम करणाऱ्याला ऐकवतो. गीता ते कर्त्याला सांगते, त्याच्या चित्तशुद्धीसाठी सांगते. ज्याच्यासाठी कर्म होते त्याला ती त्यातून सूट देत नाही. उलट तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न देता जो भोगतो त्याला चोर म्हटले आहे. नवव्या अध्यायात अनन्यभावाने उपासना करणाऱ्याचा योगक्षेम आपण वाहतो, असे खुद्द भगवंत सांगतो. जिथे देवसुद्धा भक्ताच्या योगक्षेमाची जबाबदारी घेतो, तिथे शासनाने सेवकाला निष्कामतेचा उपदेश करून मोकळे व्हावे, याला गीतेत आधार सापडत नाही. शिवाय वेतन हे गीतेच्या अर्थाने फळ आहे, असेही मला वाटत नाही. मूल शिकेल की नाही, गाव नाव काढेल की नाही, हे फळ. ते शिक्षकाच्या हाती नाही आणि त्याची आसक्ती त्याने सोडावी. वेतन ही कर्म चालू राहण्याची अट आहे. विनोबा भावे १९१७ मध्ये वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकत होते. पुढे पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशाचा आधारच सोडून दिला. तो प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि स्वेच्छेने आलेल्या सोबत्यांवर केला. ज्याला नकार देता येतो त्याच्याच देण्याला त्याग म्हणतात. नकार दिला तर गोपनीय अहवाल बिघडेल, अशा स्थितीत जे काढून घेतले जाते ते वेठ आहे, आणि वेठीला पुण्य जोडले म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

यावर खरा आणि सरळ आक्षेप माण-खटाव-आटपाडीच्या शेतकऱ्याचा आहे. त्याचे डाळिंब गारपिटीत जाते, शेजारचे कुटुंब कोयता घेऊन कारखान्यावर जाते. अशा गावात महिन्याला ठरलेला पगार घेणाऱ्याने आणखी मागावे, हे त्याला खुपते. त्याचे खुपणे मी खोटे मानत नाही. प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि त्या गावात ते मोठेच वाटते. पण तो पगार शिकवण्याचा आहे. ज्या शेतकऱ्याचे मूल त्या शाळेत आहे त्याचे नुकसान कुठे होते? शिकवण्याचा पगार घेणारा माणूस शिकवण्याऐवजी पोती मोजतो तिथे. दुसऱ्या कामाला दुसरा माणूस द्या, किंवा त्याच माणसाचे तास त्या कामासाठी मोकळे करून त्याचा मोबदला द्या. दोन्हींपैकी काहीच न करता जे चालते त्याची किंमत शेतकऱ्याचे मूल मोजते. नुसत्या भत्त्याने गुणवत्ता वाढत नाही, हेही मला मान्य आहे. मोबदला न्यायाचा म्हणून द्यायचा असतो. त्याने गुणवत्ता वाढली तर चांगलेच. आणि पंचवीस मुलांच्या शाळेला पूर्ण पगाराचा मुख्याध्यापक परवडत नाही, हा तिजोरीचा मुद्दा खरा असेल, तर पंचवीस मुलांच्या शाळेकडून दीडशे मुलांच्या शाळेइतकी रजिस्टरे आणि पोर्टलेही मागू नयेत.

गेल्या पंचवीस वर्षांत सेवाशर्ती बदलत गेल्या त्या बहुतेक एकाच दिशेने. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षे मानधनावर. ते मानधन प्राथमिकला वर्षानुवर्षे सहा हजारांवर राहिले आणि २०२३ मध्ये सोळा हजार झाले. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांपैकी बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात वाड्यावस्त्यांवरच्या शाळाही बंद राहिल्या त्या याच कारणाने. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवे. पाच वर्षांहून कमी उरलेले सेवेत राहू शकतील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. म्हणजे मुख्याध्यापकपदाची वाटही आता या परीक्षेतून जाते. हा निकाल मी बाकीच्या बदलांच्या रांगेत बसवत नाही. शिक्षकाची पात्रता तपासण्याचा हक्क मुलाचा आहे आणि तो कोणत्याही सेवाज्येष्ठतेहून मोठा आहे. पण वीस वर्षांपूर्वी एका अटीवर घेतलेल्या माणसाला नवी अट घालताना त्याला अभ्यासाला वेळ आणि प्रशिक्षण देणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि आजच्या प्रभारी मुख्याध्यापकाकडे नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वेळ.

शासनाच्या सेवानियमांत अतिरिक्त कार्यभारासाठी वेगळे वेतन देण्याची सोय आहे. लहान शाळेच्या बाबतीत ती लागू पडत नाही, कारण पदच मंजूर नसेल तर रिक्त पदाचा कार्यभार कागदावर उभाच राहत नाही. म्हणून पहिली गरज आहे ती लेखी आदेशाची: या शाळेचा कार्यभार अमुक शिक्षकाकडे, अमुक तारखेपासून, अमुक भत्त्यावर, आणि तो नाकारण्याची मुभा, नाकारल्याचा शेरा सेवापुस्तकात न उमटता. दुसरी गरज शाळांच्या केंद्रागणिक एका लिपिकाची, जो पोषण आहार आणि पोर्टलची कामे आठ-दहा शाळांसाठी मिळून करील. वेतनाचा निर्णय मंत्रालयातच होईल. पण पद नाही आणि तरीही मुख्याध्यापकाचे सगळे काम चालू आहे अशा शाळा तालुकावार किती, त्यांत कोणती कामे कोणाकडे आहेत, याची यादी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदा स्वतः करू शकतात, सर्वसाधारण सभेपुढे ठेवू शकतात आणि ठरावासह शासनाकडे पाठवू शकतात. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.