अशोकाचा घास

फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांनी कुंभकोणमला वेदांतावर व्याख्यान दिले. त्या भागात लग्नाच्या पंगतीत ‘अशोका’ नावाचा हलवा वाढतात: मूगडाळ, साखर आणि ओघळणारे तूप. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिथे रुळलेल्या मराठी घरांनाही त्याचे वावडे नाही.

वजन उतरवू पाहणाऱ्याने अशा पानावर काय करावे? गीतेचा दुसरा अध्याय बजावतो, की निराहाराने विषय दूर होतात, गोडी मागे उरते. परतत्त्वाच्या दर्शनाने तीही जाते, पण तोवर? हात आवरला तरी मन वाटीपाशीच बसते आणि चार दिवसांचा उपवास एका बैठकीत वसूल होतो. (आपल्या एकादशीच्या साबुदाण्याविषयी न बोललेलेच बरे!)

सहाव्या अध्यायातला ‘युक्त आहार’ मला अधिक कठीण वाटतो. एक चमचा सावकाश, पूर्ण लक्ष देऊन खायचा. दुसरा उचलताना विचारायचे: हे पोट मागते आहे की जीभ?

मधुमेह असेल तर मात्र वैद्यांचा नकार हेच युक्त. अखेरच्या आजारात वैद्यांनी स्वामीजींचे पाणी बंद केले होते. आधी ते अशक्य वाटले. पुढे पाण्याची आठवणही येईना, असे ते शिष्याला सांगत.