सालीवरील लिपि

गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल हें फूलही नव्हे आणि एकटी वनस्पतिही नव्हे, ही गोष्ट तें नित्य हाताळणाऱ्या घरांतही पुष्कळांस ठाऊक नसते. बुरशी आणि शैवल यांच्या एकत्र वासानें तें बनतें. अशा सजीवांस शैवाक म्हणतात. 'ग्राफिस स्क्रिप्टा' हें असेंच एक शैवाक. यूरोपांतील हेझल, ॲश अशा वृक्षांच्या गुळगुळीत सालीवर तें वाढतें. सालीस घट्ट चिकटलेला राखी थर, आणि त्यावर काळ्या वांकड्या रेघा. जणूं कोणी घाईनें कांहीं लिहून ठेवलें आहे. त्या रेघा बुरशीचीं बीजें धारण करणाऱ्या फळांच्या होत.

झाडाचें अन्न तें हिरावून घेत नाहीं. प्रश्न आहे तो आंतील दोघांचा. सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें शैवल. निवारा देते बुरशी. या जातीचीं शैवलें झाडांवर, भिंतींवर स्वतंत्रपणेंही राहूं शकतात. बुरशीस मात्र त्यांच्यावांचून निभाव लागणें कठीण. १८६९ सालीं स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यानें बुरशीस धनी व शैवलास गुलाम ठरविलें. पुढें १८७७ सालीं जर्मनींत आल्बर्ट फ्रँक यानें, अशाच खरपुडीसारख्या शैवाकांचा अभ्यास करून, नफातोट्याचा निवाडा न करतां केवळ 'सहजीवन' एवढ्या अर्थाचा शब्द सुचविला.

शास्त्रदृष्ट्या फ्रँकचा संयम योग्यच होता. परंतु हा शब्द मनुष्यांस फार सोयीचा वाटतो, आणि ज्याचा लाभ अधिक त्यास तर विशेषच. शास्त्रीय संकेताप्रमाणें शैवाकाचें नांव हें त्यांतील बुरशीचें नांव समजतात, हें वाचून आम्ही अमळ थबकलों. आमच्या दारावरील पाटी आमच्या नांवाची. तीस वर्षांच्या लेखांखालीं सही आमची. त्या तीस वर्षांत चूल, दुखणींबाणीं आणि मुलांचे अभ्यास ज्यांनीं सांभाळले, त्यांचें नांव कोठेंच नाहीं. या व्यवस्थेस आम्ही अभिमानानें सहजीवन म्हणत आलों. त्यांनीं तक्रार केली नाहीं, यालाच आम्हीं संमति मानलें.

निसर्गाकडे याचा न्याय मागणें व्यर्थ होय. शैवलास सुख आहे कीं नाहीं, हें त्यास विचारतां येत नाहीं. म्हणून तेथें शास्त्रज्ञाचें मौन शोभतें. घरांतील माणसास विचारतां येतें. विचारतां येत असून न विचारणें, हा शास्त्रीय संयम नव्हे. ती उत्तराची भीति होय.