गोळी हिंगाच्या डबीत का होती?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या गुरुपौर्णिमेच्या आधीची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेलं, प्रसादाची तयारी चाललेली. आमच्या धाकट्या जाऊबाईंना एकाएकी चक्कर यायला लागली, झोप उडाली, कुणी साधं मीठ मागितलं तरी डोळे भरून यायचे. आम्ही म्हटलं, दगदग झाली असेल, लिंबू सरबत घे. चौथ्या दिवशी फोडणीच्या घाईत मागच्या फळीवरची हिंगाची जुनी डबी उघडली, तर आत कापून ठेवलेली गोळ्यांची पट्टी.

दीड वर्षापासून तिला डिप्रेशनचं औषध चालू होतं. भाऊजींना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. पाहुण्यांपैकी कुणी बघेल म्हणून तिनं चार दिवस गोळी घेतलीच नव्हती. डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की ही औषधं अशी एकदम सोडायची नसतात, सोडायची वेळ आली की डॉक्टरच डोस हळूहळू कमी करतात. चक्कर त्याचीच होती.

खरं सांगायचं तर आम्हाला आधी काळजी नाही, राग आला. एका चुलीवर जेवतो, एकत्र आरती करतो, आणि आमच्यापासून लपवलंस? सत्संगात आपण सत्याबद्दल इतकं बोलतो, मग हे खोटंच नाही का झालं? तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, दोन वर्षांपूर्वी सत्संगात तुम्हीच म्हणाला होतात ना, ज्याचं नामस्मरण पक्कं त्याला डिप्रेशन होतच नाही. मी तिथंच बसले होते."

म्हणालो होतो. चांगलं आठवतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आम्हालाही बरं वाटलं होतं.

मग आता दोष कुणाचा? आम्ही बरेच दिवस यावर बोलत होतो. तिनं सांगितलं नाही हे खरं. पण सांगायला जागा कुठं ठेवली होती आम्ही? ती आजारी आहे म्हणाली असती तर आमच्याच वाक्यानं तिची भक्ती कच्ची ठरली असती. म्हणजे आधीच मन दुखतंय, त्यावर साधकपणाचीही परीक्षा! अशा वेळी माणूस गप्प बसलं तर त्याला खोटारडं म्हणायचं आम्हाला तरी धाडस होत नाही.

आणि गंमत बघा. आमच्या सासूबाई आरतीआधी इन्सुलिन घेतात. सेवेकऱ्यांत बीपीची गोळी नाही असं माणूस शोधावं लागेल. कुणी त्यांना म्हणत नाही, जप वाढवा, साखर आपोआप उतरेल. मग मेंदू तेवढा शरीराच्या बाहेर आहे का? या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या सवय लावणाऱ्या नसतात. पहिल्या दिवशी फरकही पडत नाही, दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला मळमळ होते, तोंड कोरडं पडतं. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात. ते सगळे दिवस ती आमच्यासोबत पोळ्या लाटत होती. एकटी.

गीता आपण सगळेच वाचतो. अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंड सुकलं, धनुष्य सुटलं. त्याचा विषाद म्हणजे आजाराचं डिप्रेशन असं आम्हाला म्हणायचं नाही, उगाच ओढूनताणून अर्थ लावू नये. पण एक गोष्ट लक्षात येते. त्यानं ते सगळं बोलून दाखवलं, आणि भगवंतांनी पहिला अध्याय संपेपर्यंत मध्ये तोडलं नाही. आमच्या घरात मात्र पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तीन उपाय तयार असतात. एक आयुर्वेदाचा, एक उपासाचा, आणि एक "माझ्या मामेबहिणीला पण असंच झालं होतं" असा.

पण याचा अर्थ प्रत्येकानं सगळ्यांना सांगत सुटावं असा नाही हं. कुणाला, किती, केव्हा सांगायचं हे ज्याचं दुखणं त्यानं ठरवायचं. जाऊबाईंनी सासूबाईंना सांगितलं, स्वतःच्या आईला अजून नाही. आम्ही विचारत नाही. खासगी ठेवणं वेगळं आणि भीतीनं हिंगाच्या डबीत ठेवणं वेगळं, एवढाच फरक आम्हाला कळला. आणि कुणी विश्वासानं सांगितलं तर ते ग्रुपवर "प्रार्थना करा" म्हणून टाकू नये. ही चूक आपल्यात फार प्रेमानं होते.

कुणाला घरात बोलणं जमतच नसेल तर सरकारची टेली मानस सेवा आहे, नंबर १४४१६, २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र बोलता येतं. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर थांबू नका, माणसालाही एकटं सोडू नका.

हे लिहिलेलं आधी जाऊबाईंना वाचून दाखवलं. दोन वाक्यं तिनं काढायला लावली, ती काढली. त्या सत्संगातलं आमचं वाक्य मात्र राहू द्या म्हणाली.

गोळ्या आता जेवणाच्या टेबलावरच्या टोपलीत असतात, सासूबाईंच्या शुगरच्या आणि आमच्या थायरॉइडच्या शेजारी. रात्री भांडी आवरताना सासूबाई स्वयंपाकघरात डोकावतात आणि विचारतात, "काय गं, तुझी झाली का घेऊन?" परवा ती म्हणाली, "हो आई. तुमची?" तर त्याच विसरल्या होत्या.

जय गुरुदेव.
— सेवेकरी भगिनी, इंदूर