वर्षभर येणारा माणूस



शाळा सुरू झाल्या की न्यू जर्सीतल्या अनेक संस्था मेंटरच्या शोधात असतात. आठवड्यातून एखादा तास एका मुलासाठी किंवा मुलीसाठी राखून ठेवणारं मोठं माणूस त्यांना हवं असतं. अर्ज भरावा का, हा विचार तुमच्या मनात घोळत असेल, तर आजचं चिंतन तुमच्यासाठी आहे.

आमच्या वेस्ट विंडसरमध्ये शिकवणाऱ्यांची वानवा नाही. गणिताचा क्लास, बुद्धिबळ, व्हायोलिन, रविवारची मराठी शाळा. मुलांचा आठवडा कसा भरगच्च असतो. तरीही २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो शाळांचे अधीक्षक डेव्हिड ॲडरहोल्ड यांना पालकांना १६ पानांचं पत्र लिहावं लागलं. मुलांवरचा ताण हाताबाहेर चालला आहे, हे त्या पत्राचं सार. त्यानंतर हायस्कूलच्या मोठ्या सत्रपरीक्षा बंद झाल्या, काही दिवस गृहपाठाशिवायचे ठरले. पालकांत दोन तट पडले, आणि विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखी आशियाई घरं बरीच होती. ती घरं मुलांच्या वाईटावर होती असं मी कधीच म्हणणार नाही. शिक्षणाच्या जोरावर आपण इथवर आलो, ती शिडी मुलांच्या पायाखालून निसटू नये एवढीच त्यांची धास्ती होती. पण त्या वादातून एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. मार्क किती पडले हे न विचारता मुलाचं ऐकून घेणारं मोठं माणूस सुखवस्तू गावातही दुर्मीळ असतं.

आणि आमच्या प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनवरून गाडीत बसलात तर दोनच स्टेशनांवर ट्रेंटन आहे. राज्याची राजधानी, पण गरिबी मोठी. तिथल्या कितीतरी मुलांना क्लासही नाहीत आणि ऐकून घेणारंही कुणी नाही. काउंटी एकच, मुलांची नशिबं मात्र निराळी.

आता अर्जाकडे वळू. नाव, पत्ता, वाहन परवाना, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन-तीन जणांची नावं. त्यात सहसा नातेवाईक चालत नाहीत. मग पार्श्वभूमीची तपासणी, बऱ्याच ठिकाणी बोटांचे ठसे, मुलाखत, प्रशिक्षण. आपल्या काही मंडळींना हे लागतं. चांगलं काम करायला आलो आणि ठसे कसले मागता? लावून घेऊ नका. कुणाचं तरी लेकरू तुमच्या हवाली होणार आहे. जी संस्था ही तपासणी करत नाही, तिच्या वाटेला जाऊच नका. न्यू जर्सीत मुलाचा छळ होत असल्याचा रास्त संशय आला, तर तो कळवणं हे कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडा’ ही आपली जुनी सवय इथे सोडावीच लागते.

या सगळ्या रकान्यांत एक रकाना आपण भरभर भरून टाकतो: किती काळ येऊ शकाल? माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबावं. मुलांशी दोस्ती करणारे मोठे ही कल्पना अमेरिकेत जुनी. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले कारकून अर्नेस्ट कोल्टर यांनी, एकेका भल्या माणसाने एकेका मुलाला जवळ करावं, अशी हाक दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या कामाचा पुढे अभ्यास झाला. २००२ मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी मांडलेला निष्कर्ष असा: ज्यांचा मेंटर वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकला, त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला, ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट खालावला. आधीच कुणीतरी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातं, तेव्हा दोष आपलाच असं ते मूल धरून चालतं.

सुरुवातीच्या भेटी कशा जातात, तेही सांगते. वाचनालयातलं टेबल. समोर तेरा वर्षांचा मुलगा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. तुम्ही विचारता, शाळा कशी चालली आहे? उत्तर येतं, ‘फाइन’. पुढच्या आठवड्यातही ‘फाइन’. आपला मराठी जीव अस्वस्थ होतो, उपदेश ओठांवर येतो. तो गिळायचा, पत्त्यांचा डाव मांडायचा आणि पुढच्या मंगळवारी वेळेवर हजर राहायचं. कधीतरी तो आपण होऊन सांगतो की बीजगणितात काही म्हणजे काहीच कळत नाही. तिथून पुढे वही उघडते.

मोठ्या पदव्या नाहीत म्हणून मागे राहू नका. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने बालसखी नेमल्या, त्या वस्तीतल्याच मुली होत्या. शिक्षण दहावी-बारावीच्या आसपास. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना घेऊन त्या रोज दोन तास वाचन आणि आकडेमोड करून घेत. मुंबई आणि वडोदऱ्यात त्या कामाची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. सगळ्यात जास्त प्रगती सगळ्यात मागच्या मुलांची दिसली. त्या मुलींकडे पदव्यांची रास नव्हती. त्या रोज येत होत्या.

आपल्या हायस्कूलमधल्या मुलांबद्दलही बोलायला हवं. कॉलेजच्या अर्जात सेवेचे तास उपयोगी पडतात म्हणून तेही धाकट्यांना शिकवायला जातात. जाऊ द्या, चांगलंच आहे. पण तास भरले की काम संपलं, असं घरात बोलू नका. समोरच्या धाकट्याला त्या तासांचा हिशेब ठाऊक नसतो. त्याला फक्त ताईचं येणं बंद झालेलं कळतं.

तेव्हा श्रोतेहो, अर्ज जरूर भरा. त्याआधी घरातलं कॅलेंडर काढा, भारतवारीचे आठवडे, ऑफिसचे दौरे त्यावर मांडा आणि एक वार वर्षभर मोकळा राहतो का ते पाहा. राहत नसेल तर पुस्तकं गोळा करणं, मुलांची ने-आण करणं अशी सुटी कामं संस्थांकडे भरपूर असतात, ती आनंदाने घ्या. आणि वार मोकळा राहत असेल, तर आजच अर्ज पाठवा.